करंजदऱ्याची गणपूर्ती

चेंबरचं झाकण आणि नालीची कड यांच्यामध्ये बोटाच्या पेराहून बारीक फट होती, आणि त्या फटीतून शेवाळाची हिरवी किनार डोकावत होती. नाली जुनी, काळपट. झाकण फिकं, अजून सिमेंटच्या रंगाचं. झाकण ज्या खाचेत बसतं ती खाच मात्र शेवाळाने भरलेली. झाकणाखाली ते वाळून तपकिरी झालं होतं. कडेला, जिथवर उजेड पोचत होता, तिथे अजून जगलं होतं. शेवाळाला उजेड लागतो. झाकण बसण्याआधी त्या खाचेने बरेच पावसाळे उजेड पाहिला होता, एवढाच त्याचा अर्थ.

दीपमाला कामावर जाताना तिथे क्षणभर थांबायची. तळवड्याच्या एका कारखान्यात ती फायनल इन्स्पेक्शनला होती. दिवसभर भिंगाखाली गिअरच्या कडा बघायच्या, ओरखडा दिसला की तो नग लाल पेटीत टाकायचा. कडा बघायची सवय तिला तिथेच लागली. ही कड तर तिला पाठच होती, कारण तिचा नवरा भैरू याच चेंबरमध्ये पडला होता.

कुरुळी आणि निघोजे यांच्या मधल्या खोलगटात करंजदरा आहे. गावठाणात जेवढी घरं, त्याच्या कितीतरी पट खोल्या आता गावाबाहेर झाल्या आहेत. लांबलचक चाळी, वर पत्रे, दारात चपला आणि दुपारी झोपलेली माणसं. परभणी, हिंगोली, बीडकडची. भैरू आणि दीपमाला परभणीचे. भैरू प्रेस शॉपला होता. मागच्या वर्षीच्या आषाढात तिसरी शिफ्ट संपवून सकाळी घरी येताना रस्त्यावर गुडघाभर गढूळ पाणी होतं, नाली कुठली आणि रस्ता कुठला ते कळत नव्हतं. त्याने टाकलेला पाय थेट आत गेला. मांडीचं हाड मोडलं आणि गुडघा कायमचा ताठ झाला. तो दवाखान्यात असतानाच हे फिकं झाकण चेंबरवर येऊन बसलं.

दीपमालाने तालुक्याच्या कोर्टात दावा लावला. ग्रामपंचायतीने पहिल्याच तारखेला थोडक्यात दोन गोष्टी सांगितल्या. झाकण होतंच, कुणीतरी सरकवलं असेल. आणि पडणारा माणूस प्यायलेला होता. सविस्तर म्हणणं द्यायला मुदत मागितली. मिळाली. पुढच्या तारखेला पुन्हा मागितली, पुन्हा मिळाली. दावा तिथेच थांबला, पण ‘प्यायलेला’ हा शब्द काही थांबला नाही. तो कंपनीत पोचला, आणि भैरूला बसून करायचं काम देऊ म्हणणाऱ्या साहेबांनी फोन उचलणं सोडलं. तो गावाकडेही पोचला. भैरूचा बाप दारूने गेला होता. त्या वासाने भैरूला अजून मळमळायचं.

आता तो खोलीच्या दारात बसून लोकांचे मिक्सर आणि इस्त्र्या दुरुस्त करायचा. हसायचा, हसवायचा. “खरंच पिलो असतो तर बरं झालं असतं की,” म्हणायचा. “बदनामी झालीच हाय, जरा मजा तरी झाली असती.”

दीपमाला मात्र हसायची नाही. तिला पाय परत मिळणार नाही हे माहीत होतं. तो शब्द परत घ्यायला लावायचा होता.

त्यांची वकील पुनम तळवड्याचीच, वयाने दीपमालाहून लहान. एका तारखेनंतर कोर्टाबाहेरच्या टपरीवर चहा घेताना तिने विचारलं, “ताई, तुमच्या गावात ग्रामसभा कधी होते?”

“होते का?”

“होते तर. दर वेळी तहकूब होते.” पुनमने कप खाली ठेवला. “शंभर मतदार हजर पाहिजेत, त्याला गणपूर्ती म्हणतात. तुमच्याकडे सभा ठेवतात आडवारी, म्हणजे कामाच्या दिवशी, सकाळी अकराला. पहिली शिफ्ट कंपनीत, तिसरी झोपेत. डझनभर माणसं येतात. मग तहकूब. आणि तहकूब झालेली सभा परत भरते, तेव्हा गणपूर्ती लागत नाही.”

“म्हणजे?”

“म्हणजे देवळात सात-आठ जण बसतात, नालीचं काम मंजूर करतात, झालेलं काम नीट झालं असंही म्हणतात, आणि चहा घेऊन घरी जातात. सगळं कायद्याने. चोरी म्हणायला कुठे जागाच नाही.”

दीपमालाला राग यायला हवा होता, पण आलं ते वेगळंच काहीतरी. एका गावाचा सगळा कारभार एवढ्याशा फटीतून वर्षानुवर्षं गेला, आणि ती फट कुणी लपवलेली नव्हती. शंभर माणसं. तिच्या कंपनीच्या दोन बसमध्ये मावतील एवढी.

“मग आम्ही येऊन बसतो की सभेला.”

“तुमचं मत कुठे आहे?”

“गावाला ठेवलंय,” ती म्हणाली.

खोल्यांमधल्या सगळ्यांचं मत गावालाच ठेवलेलं होतं. चांगलं लुगडं पेटीत ठेवावं तसं. तिकडच्या निवडणुकीला गाडी यायची, पाच वर्षांतून एकदा सगळे तिकडे जाऊन मत देऊन यायचे. इथे राबायचं, इथे आजारी पडायचं, पोरं इथल्या शाळेत घालायची, आणि मत मात्र अशा गावात ठेवायचं जिथल्या नालीत आपण कधी पडणार नाही. यात काही चुकतंय असं आजवर कुणाला वाटलं नव्हतं. दीपमालालाही नाही.

“आम्ही वकील वरून ओरडतोच आहोत,” पुनम म्हणाली. “न्यायाधीश वाढवा, मुदतीवर मुदत देणं थांबवा. मी स्वतः दर तारखेला अर्ज करते. पण समोर एक न्यायाधीश आणि टेबलावर अख्खा तालुका. जे गावातच विचारायला हवं होतं ते सगळं इथे येऊन साचतं. कोर्ट सुधारायचं तर खालूनही सुधारायला पाहिजे, ताई. ग्रामसभेने ठराव केला की झाकण नव्हतं, तर तो काही निकाल होत नाही. पण ग्रामपंचायतीला मग कोर्टात उभं राहून उलटं म्हणणं जड जाईल.”

मतदारयादीतलं नाव हलवायचं तर इथे राहत असल्याचा पुरावा लागत होता, आणि घरमालक कागद देत नव्हते. दीपमालाची घरमालकीण कुशाबाई गावातली जुनी. ती ओट्यावर बसून शेंगा सोलत होती.

“तुमास्नी कागुद दिला की उद्या खोलीवर हक सांगशाल,” ती म्हणाली.

“खोली तुमचीच, मावशी. आम्हाला फक्त हात वर करायला जागा पाहिजे.”

कुशाबाईने शेंग सोलून दाणे सुपात टाकले. “त्या दिशी मीच धरला व्हता त्याला,” ती खाली बघतच म्हणाली. “पिशवीचा पट्टा धरून बसले, मानसं येस्तवर. पानी वढत व्हतं. मी म्हनलं, मला घिऊन जातंय का काय आता.”

भैरू शुद्धीत नव्हता, त्याला काही आठवत नव्हतं. माणसांनी काढलं, एवढंच दीपमालाला माहीत होतं. “मावशी, हे कोर्टात सांगाल?”

“कोरटात न्हाई. रंगराव सरपंच माझ्या दिराचा ल्योक हाय. तालुक्याला जाऊन परक्या मानसापुढं गावाची लाज काढू व्हय? न्हाई जमायचं मला.” तिने दुसरी शेंग उचलली, पण सोलली नाही. “गावात इचारलं असतं तर सांगितलं असतं. गावात कुनी इचारलंच न्हाई.”

कागद मात्र तिने दिला. तिच्या सगळ्या चाळीला दिला. कुशाबाईने दिला म्हटल्यावर बाकीचे घरमालकही कुरकुरत देऊ लागले. गुरुवार हा या पट्ट्यातला सुट्टीचा दिवस. गुरुवारी गुरुवारी दीपमाला खोल्याखोल्यांतून फिरली. काहींनी हसून वाटेला लावलं. “नाव काढलं की भाऊ सातबाऱ्यावरनं पण काढतील,” एक जण म्हणाला, आणि ते हसण्यावारी नव्हतं. एका बाईने आधी सासूला फोन लावला, मग रडली, मग सही केली. ज्यांनी नावं हलवली त्यांनी आपलं काहीतरी मुळासकट उपटून आणून या मुरमाड जमिनीत लावलं, आणि बदल्यात काय मिळणार ते कुणीच सांगू शकत नव्हतं. प्रत्येक सहीच्या वेळी दीपमालाच्या मनात एकच यायचं. ही माणसं आपल्या शब्दावर एवढं करतात?

सगळ्यांत शेवटी राहिला भैरूच.

“दादाचा फोन आला व्हता,” तो म्हणाला. इस्त्री उघडी करून मांडीवर घेतलेली. “म्हनला, नाव काढलंस की तू पाव्हना. वावरात पाय ठेवताना इचारून ठेवायचं.”

“मग?”

“मग काय. पाय हायेच कुठं ठेवायला.” तो हसला आणि थांबला. त्याने इस्त्री बाजूला ठेवली. “एक पाय बापाच्या गावात हाय, एक हितल्या नालीत गेला,” तो म्हणाला. “जिथं पाय गेला ते गाव माझं न्हाई म्हनू कसं, दीपा? आन ते पेन.”

ग्रामसभेची दवंडी करंजदऱ्यात अजून हलगीवर देतात. सावळाराम हा ग्रामपंचायतीचा म्हातारा शिपाई ती देतो, आणि ती वेशीपर्यंतच द्यायची अशी रीत होती. वेशीपलीकडे पूर्वी शेतं होती. खोल्या झाल्यावरही रीत तीच राहिली. या वेळी सावळाराम वेशीपाशी आला, थांबला, आणि हलगी वाजवत पुढे चालू लागला. तिसऱ्या शिफ्टची माणसं डोळे चोळत दारात आली. ही हलगी त्यांनी लांबून ऐकली होती, कुणाच्या तरी लग्नाची असेल असं समजून कूस बदलली होती.

“आजोबा, वाट चुकले का?” भैरूने विचारलं.

“नावं यादीत आली न्हवं का,” सावळाराम म्हणाला. “मग दवंडी पन आली. आइका. मंगळवारी, अकरा वाजता, मारुतीच्या देवळाम्होरं.”

मंगळवार. पुनमने सभा गुरुवारी घ्या म्हणून अर्ज दिला होता, त्याचं उत्तर मंगळवार असं आलं.

त्या मंगळवारी दीपमालाने रजा टाकली आणि भैरूला घेऊन लवकरच देवळापुढे आली. सरपंच रंगराव खुर्चीत बसले होते. पांढरा सदरा, निवांत चेहरा. माणूस काही वाईट नव्हता. भैरूला दवाखान्यात न्यायला गाडी त्यांचीच आली होती. शेजारी ग्रामसेवक, पुढे गावातली नेहमीची डझनभर माणसं. मतदार नसल्यामुळे पुनम पाराशी उभी राहिली.

मग वेशीकडून माणसं यायला लागली.

आधी तिसरी शिफ्ट आली. न झोपलेली, लाल डोळ्यांची, काहींच्या कानात अजून कापसाचे बोळे. मागून दुसरी शिफ्ट. दुपारची बस इथूनच पकडू म्हणून गणवेश घालून, डबे घेऊन आलेली. निळे शर्ट, राखाडी शर्ट, लोखंडी टोकाचे बूट. देवापुढे यायचं म्हणून सगळ्यांनी बूट काढले आणि ते ओळीने लावले, कंपनीत लावतात तसे. कुणी कुणाशी मोठ्याने बोलत नव्हतं. मांडी घालून बसत होते, मागच्यांना जागा करत सरकत होते. दीपमालाने या माणसांना रांगेत पाहिलं होतं, बसमध्ये पाहिलं होतं, पगाराच्या दिवशी पाहिलं होतं. अशी बसलेली कधी पाहिली नव्हती. एखाद्या कारखान्यातली सगळी यंत्रं एकदम थांबावीत आणि आपलाच श्वास ऐकू यावा, तसं तिला झालं.

ग्रामसेवक मोजत फिरला. परत येऊन रंगरावांच्या कानाशी लागला. रंगराव उभे राहिले.

“आलात, बरं वाटलं,” ते म्हणाले. “पण संख्या थोडक्यात कमी पडतेय. पहिली शिफ्ट कामावर आहे, त्याला आपण काय करणार? नियमाप्रमाणे अर्धा तास वाट बघू. नाहीतर तहकूब.”

अर्धा तास कसा गेला ते दीपमालाला नंतर कधीच नीट आठवलं नाही. पुनम फोनवर फोन लावत होती. भैरू कुबडी आडवी ठेवून बसला होता, आणि पहिल्यांदाच त्याला काही विनोद सुचत नव्हता. रंगरावांनी घड्याळ पाहिलं. तहकूब हा शब्द त्यांच्या ओठांवर आलेला तिला दिसला.

तेवढ्यात देवळामागच्या बोळातून गावठाणातल्या बायका आल्या. पुढे कुशाबाई, मागे तिच्या भावकीतल्या जावा, सुना, म्हाताऱ्या. डोक्यावर पदर घेतलेल्या. ग्रामसभेला बायका येत नाहीत, अशीही एक रीत होती. त्या कुणाकडे न बघता आल्या आणि लाल डोळ्यांच्या पोरांच्या शेजारी जमिनीवर बसल्या. पोरं दचकून सरकली.

“काकी, तू कशाला?” रंगराव म्हणाले.

“माझं मत हितंच हाय, रंगा. पैल्यापासनं. मोजून घे.”

ग्रामसेवकाने मोजलं. शेवटाला येताना त्याचा आवाज आपोआप चढला, आणि शंभरापुढे जाऊनही तो मोजतच राहिला, जणू थांबावं कसं ते त्याला कुणी शिकवलंच नव्हतं. मग तो रंगरावांकडे वळला. “गणपूर्ती झाली, साहेब,” तो म्हणाला. नोकरीला लागल्यापासून हे वाक्य त्याने या गावात कधी उच्चारलं नव्हतं.

दीपमालाने ठराव मांडला. गावातल्या कामांवर देखरेखीला समिती असावी, तिच्यात गावठाणातले आणि खोल्यांमधले लोक असावेत, काम बघितल्याशिवाय ते झालं असं कुणी म्हणू नये. पुढच्या सभा गुरुवारी व्हाव्यात. आणि भैरू पडला त्या दिवशी चेंबरवर झाकण नव्हतं, हे या सभेने सांगावं.

“पहिल्या दोन्हींचं बघू,” रंगराव म्हणाले. “तिसरं कोर्टात आहे. सभेला काय माहीत झाकण होतं का नव्हतं?”

“मला म्हाईत हाय,” कुशाबाई म्हणाली. ती उठली नाही. बसल्या जागेवरून, घरातल्या माणसाशी बोलावं तशी बोलली. “दर पावसाळ्यात मी त्या भोकात बाभळीची फांदी रोवते. पोरंसोरं पडू नयेत म्हनून. त्या दिशी पान्यानं फांदी न्हेली. झाकनात फांदी रोवता येती का, रंगा?”

ती भैरूकडे वळली.

“आन तो पिलेला न्हवता. तोंडाशी तोंड लावून श्वास हाय का बघितला मी त्याचा. घामाचा वास व्हता. तेलाचा व्हता. दारूचा न्हवता.”

भैरूने कुबडीवर जोर देऊन उठायचा प्रयत्न केला. शेजारच्याने हात दिला. “सरपंच,” तो म्हणाला, “तुमी रोज गाडीवर तिथनं जायचे. मी कामाला जाताना बघायचो. फांदीपाशी आलं की तुमी गाडी वळवून घ्यायचे. मी पण तिथंच वळायचो. आपन दोघं रोज तिथंच वळायचो, भाऊ.”

यात आरोप नव्हता. त्याचा आवाज एखादी जुनी ओळख सांगावी तसा होता, आणि म्हणूनच असेल, रंगराव खाली बसले.

ग्रामसेवकाने विचारलं, “ठरावाच्या बाजूने?”

हात वर झाले. तेलाने काळ्या पडलेल्या नखांचे, करकरीत गणवेशाच्या बाह्यांतले, हिरव्या बांगड्यांचे, सुरकुतलेले. दीपमालाने मागे वळून पाहिलं आणि तिला देऊळ दिसेना, पिंपळ दिसेना, सगळीकडे हातच. आपण एका फटीकडे बघत होतो, तिच्यापलीकडे एवढं होतं, हे तिला त्या घडीला कळलं, आणि स्वतःचा हात वर करायचा राहिलाच होता, तो तिने केला. नेहमीच्या डझनभर माणसांतले एकदोन हातही हळूच वर गेले. सावळारामाने हलगी बगलेत धरून वर केला.

“विरोधात?”

पारावरच्या पिंपळाची पानं तेवढी वाजत होती.

अध्यक्षाने तोंडाने सांगितल्याशिवाय ठराव पुरा होत नाही. सगळे रंगरावांकडे बघत होते. ते आपल्या चपलांकडे बघत होते. मग त्यांनी मान वर केली, आधी कुशाबाईकडे, मग भैरूकडे पाहिलं, आणि खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उभे राहिले.

“लिहून घ्या,” ते ग्रामसेवकाला म्हणाले. “माणूस प्यायलेला नव्हता. आणि चेंबरवर झाकण नव्हतं.”